रूळ तपासले त्या हिवाळ्यातला पैरा

परवा सकाळी फोनवर, रेल्वेतल्या बायकांच्या ग्रुपवर, एका कागदाचा फोटो आला. स्टेशनच्या तिकीट खिडकीशेजारी चिकटवलेला कागद, थोडा तिरका, खालच्या कोपऱ्यात फोटो काढणारीची सावली. रुळांच्या सुरक्षा तपासणीसाठी बारामती-दौंड गाडी पुढचे काही आठवडे बंद राहील, असं त्यावर लिहिलं होतं. फोटोखाली एका नव्या मुलीने विचारलं होतं, "मग आता जायचं कसं?" ते वाचणारी प्रत्येकजण आपापल्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचा विचार करत असणार.

मी तो फोटो पाहिला तेव्हा पणदरे फाट्यावर उभी होते आणि समोरून उसाची ट्रॉली चालली होती. ऊस चालू झाला की आमच्याकडे ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्यावरची गाणी ऐकू येतात. मग डोलणारा ऊस दिसतो, आणि ट्रॉली पुढे गेली की मागे रस्त्यावर पडलेली पाचटं उरतात. हवेत मळीचा आंबूस वास असतो. बाहेरच्या लोकांना तो सहन होत नाही. आम्हाला तो येतच नाही, फक्त बंद झाला की कळतं की येत होता. काही वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यातही हे सगळं असंच होतं, आणि स्टेशनवर असाच कागद लागला होता.

त्या वर्षी मला दौंडच्या एका शाळेत नोकरी लागली होती. तिसरीच्या मुलांना विज्ञान शिकवायचं. वर्षभर बघणार आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवणार, असं होतं. पप्पांनी होकार द्यायला बरेच दिवस घेतले. आमचा ऊस आहे, गोठा आहे, घरात कमी काही नाही. मुलीने रोज इतक्या लांब जावं असं काही त्यांना वाटत नव्हतं. पण त्यांनीच मला इंग्रजी माध्यमात घातलं होतं, त्यामुळे आता शिकू नकोस, शिकवू नकोस, असं तोंडाने म्हणताही येईना. शेवटी एका संध्याकाळी धार काढता काढता म्हणाले, "रेल्वे हाय म्हणून पाठवतोय. रस्त्यानं पाठवलं नसतं."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. थंडीत पहाटे धुकं असतं, आणि त्या धुक्यात ट्रॉल्या. काहींना मागे दिवा नसतो. एखादी चाक निसटून मध्येच बसलेली असते आणि तिच्याभोवती चार दगड मांडलेले असतात, तेही जवळ गेल्यावर दिसतात. रेल्वेचं तसं नव्हतं. "रूळ सोडून ती कुठं जात न्हाय," हे पप्पांचं रेल्वेविषयीचं एकूण मत. माणसांविषयीही त्यांचं साधारण असंच मत आहे.

सकाळच्या गाडीत बायकांचा एक डबा ठरलेला होता. मी खिडकीजवळ बसायचे, पुस्तक उघडायचे आणि पुस्तकावरून बाहेर बघायचे. शिर्सुफळच्या पुढे माळ लागतो. त्या दिवसांत गवत वाळून बदामी झालेलं असतं, मेंढरं एकमेकांना चिकटून बसलेली असतात, आणि कधीतरी एखादा चिंकारा गाडीकडे मान वळवून बघतो, पळत नाही. मला ते आवडायचं. गाडीत माझ्याकडेही सगळ्या असंच बघायच्या आणि मी पळत नसे, एवढंच.

मला बोलता येत नाही असं नाही. पण आमच्या शाळेत बोलायच्या आधी हात वर करायचा, मॅडमनी नाव घेतलं की उभं राहायचं आणि पूर्ण वाक्यात सांगायचं. दहा-बारा वर्षं असं केल्यावर, जिथे सगळे एकदम बोलतात तिथे आपण कुठून आत शिरायचं ते कळेनासं होतं. त्या डब्यात तर दोघी भांडत असल्या तरी तिसरी मध्येच पेरू कापून वाटायची.

पेरू वाटणाऱ्या मंगलमावशी. इंदापूर तालुक्यात त्यांची पेरूची बाग. पहाटेच्या एसटीने बारामतीला यायच्या आणि पेरूचे क्रेट घेऊन दौंडला जायच्या, तिथे स्टेशनबाहेर बसून विकायच्या. आणि शोभाताई, दौंडच्या एका दवाखान्यात नर्स. जागा कुणी धरायची, कुणी कुणाच्या पोराचं लग्न जमवायचं, पंखा लावायचा की नाही, हे सगळं त्या ठरवायच्या. मला त्या 'मॅडम' म्हणायच्या. आधी चेष्टेने, नंतर सवयीने.

कागद लागला त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती, पप्पा बाहेर हात-पाय धूत होते.

"बंद म्हंजी किती बंद?" पप्पांनी तिथूनच विचारलं.

"काही आठवडे. रुळांची तपासणी आहे."

"रूळच तपासायला लागल्यात म्हंजी काय तरी असंल."

"काही असू नये म्हणूनच तपासतात," मी म्हणाले. थंडीत लोखंड आखडतं, जोडांवर ताण येतो, हे मी तिसरीच्या मुलांना सांगितलं होतं. पप्पांना सांगितलं नाही. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मग विलासरावांला फोन करतो."

विलासराव म्हणजे माझा मामा. इंदापूरला राहतो. त्याच्या ओळखीच्या एका शाळेत जागा होती आणि तो दिवाळीपासून मागे लागला होता. त्या रविवारी आम्ही तिकडे गेलो. इंदापूर मला लहानपणापासून माहीत आहे ते महामार्गावरच्या ट्रकांच्या आवाजासकट. मामाच्या घरात रात्री भांडी मांडणीवर हलकी वाजत असतात. मामीने मला वरची खोली दाखवली. खिडकीला नवे पडदे लावले होते. मामा म्हणाला, "सकाळी डबा घेऊन चालत जायचं, दुपारी घरी. ना रेल्वे, ना एसटी. आणि माणसंबी आपलीच." शाळा खरोखरच चालत जाण्याएवढी जवळ होती. वर्ग स्वच्छ होते. मुख्याध्यापिका माझ्याशी नीट बोलल्या. पुढच्या रविवारपर्यंत कळवा, म्हणाल्या.

नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, हीच पंचाईत होती. मला दौंडलाच का जायचं आहे, हे मला कुणाला नीट सांगता आलं नसतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाने कुंडीत लावलेला वाटाणा वर येतो की नाही ते मला बघायचं होतं, असं सांगितलं असतं तर मामा हसला असता. आणि मामाच्या घरी सगळे मला दोन दिवसांची असल्यापासून ओळखत होते. दौंडला मला आधीपासून ओळखणारं कुणी नव्हतं. हे कारण आहे की नाही, मला अजून माहीत नाही. येताना जीपमध्ये पप्पा म्हणाले, "पडदं चांगलं लावल्यात." मी हो म्हणाले.

इकडे गाडी सोमवारपासून बंद होणार होती, म्हणून आम्ही मामाकडे जायच्या आदल्या दिवशी, शनिवारीच, डब्यात शोभाताई उभ्या राहिल्या होत्या. एसटीने जायचं तर दोनदा बदलायची, आणि वेळेचा भरवसा नाही. त्यांनी विचारलं, "कुणाकुणाकडं गाडी आहे?" एकीच्या नवऱ्याची व्हॅन होती. एकीच्या भावाची प्रवासी जीप. मंगलमावशींच्या दिराचा टेम्पो, पुढे-मागे मिळून सगळ्या मावतील असा.

"मग पैरा करू," मंगलमावशी म्हणाल्या, जणू दुसरं काही शक्यच नव्हतं.

पैरा आमच्याकडे शेतात चालतो. आता कमी झालाय. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्याचा बैल आणतो, मग त्याच्या शेतात आपला नेतो. आज सगळ्यांनी तुमच्याकडे खुरपायला, उद्या आमच्याकडे. पैशाचा विषय नाही, पण फेडल्याशिवाय सुटकाही नाही. घरातलं माणूस आजारी असलं तरी बदली माणूस पाठवतात. मी हा शब्द आजोबांच्या तोंडी ऐकला होता. रेल्वेच्या डब्यात, गाड्यांसाठी ऐकेन असं वाटलं नव्हतं.

वार वाटले गेले. शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमच्याकडं जीप आहे ना?"

"आहे."

"गुरुवार चालेल?"

"हो."

झालं. एवढ्या दोन शब्दांत पप्पांच्या जीपचा गुरुवार मी देऊन टाकला आणि घरी काही सांगितलं नाही. पहिल्या सकाळी पप्पांनी विचारलं, "कुणाच्या गाडीनं?" मी म्हणाले, "शोभाताईंनी ठरवली आहे." ते खरं होतं. त्यापुढे बोललं की जीप मागावी लागणार, आणि जीप मागितली की ते म्हणणार, आपलीच जीप लागत असंल तर जायचंच कशाला. म्हणून मी रोज एक दिवस पुढे ढकलत होते. त्यांनीही त्या आठवड्यात जाऊ नको म्हटलं नाही. रविवारी मामाला उत्तर द्यायचं होतं, तोवर चाललंय तर चालू दे, असं त्यांच्या मनात असावं.

त्या सकाळी मला अजून आठवतात. स्टेशन बंद नव्हतं, फक्त गाडी नव्हती. तरी आम्ही सगळ्या स्टेशनच्या दारातच जमायचो. दुसरीकडे कुठे जमायचं कुणाला सुचलंच नाही. व्हॅनच्या काचा आतून धुरकट व्हायच्या. कुणाच्या तरी डब्यातून लसणाच्या चटणीचा वास यायचा. रेल्वेत ठरलेल्या जागा इथेही आपोआप ठरल्या. मला खिडकी मिळाली. मात्र पुस्तक उघडायची सोय नव्हती, इतक्या दाटीने बसायचो. मंगलमावशींचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला असायचा आणि त्यांना झोप लागली की मान माझ्याकडे कलायची. पहिल्या दिवशी मी अवघडून बसले. नंतर मीच खांदा जरा खाली घ्यायला लागले.

कटफळच्या फाटकाजवळ रस्ता रुळांच्या कडेने जातो. तिथे रोज ती माणसं दिसायची. दोघे एक छोटी ढकलगाडी रुळावरून हळूहळू ढकलत, थांबत, खाली बघत. मागे एक जण रुळावर पांढऱ्या रंगाची खूण करत. इतक्या हळू की बघणाऱ्याला वाटावं काही चाललेलंच नाही. माझंही ते वर्ष तसंच चाललं होतं. शाळेत कुणीतरी मागच्या बाकावर येऊन बसायचं, वहीत काही टिपायचं आणि निघून जायचं. घरी पप्पा काही न बोलता बघायचे. आपल्यात कुठे बारीक तडा आहे का, ते सगळे शोधतायत असं मला वाटायचं. त्या माणसांकडे बघून एवढं कळलं की खूण सगळीकडे करतात. ज्या जोडाला काहीच झालेलं नाही, त्यावरसुद्धा.

मंगळवारी संध्याकाळी घरी आले तर अंगणात गडबड. कारखान्याचा माणूस सांगून गेला होता: तोडणीची टोळी गुरुवारी सकाळी आपल्या उसात. आई हसत होती. ऊस वेळेवर तुटणं म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला समजवावं लागत नाही. टोळी आली की मालकाने बांधावर उभं राहायचं. ऊस बुडख्यातून तोडतात की नाही बघायचं, ट्रॉली भरून घ्यायची. त्या दिवशी मालक नसला आणि टोळी दुसऱ्याच्या उसात गेली, तर आपला ऊस उभ्या-उभ्या वाळतो. पप्पांनी जीपमधून दुधाचे कॅन काढून ठेवले होते. मजुरांना पाणी न्यायला जीप लागणार होती.

बुधवारी परतताना व्हॅन एका ट्रॉलीमागे अडकली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. अचानक शांत झालं. आता बोललं नाही तर उद्या सकाळी या सगळ्या स्टेशनच्या दारात थंडीत उभ्या राहणार. माझा हात आपोआप अर्धा वर गेला.

"बोला मॅडम," शोभाताई म्हणाल्या. "हात कशाला वर करताय, ही काय शाळा आहे?"

सगळ्या हसल्या. मीही थोडी हसले. मग म्हणाले, "उद्या आमची जीप येणार नाही. आमच्या उसाला तोड आली आहे."

"आगं मग चांगलं झालं की," मंगलमावशी म्हणाल्या. "तोंड कशाला पाडतीस? उद्या आमच्या दिराचा टेम्पो येईल. तू आमचा पैरा रविवारी फेड."

"रविवारी गाडी कुठे न्यायची?"

"गाडी न्हाय गं. तू ये. पेरूला पिशव्या घालायच्यात. माणसं मिळंनात."

"मॅडम पिशव्या घालणार?" मागून कुणीतरी म्हणालं.

"का? हात न्हाईत व्हय तिला?"

घरी जेवताना पप्पा टोळीविषयीच बोलत होते. मी ताटात बघून म्हणाले, "उद्या आपली जीप लागणार होती. जमणार नाही म्हणून मी त्यांना सांगितलं."

"कुणाला लागणार हुती?"

"गाडीतल्या बायकांना. रोज एकीच्या घरची गाडी असते. उद्या आपला वार होता."

त्यांनी हात थांबवला. "पैरा?"

"हो."

"आन तू इतकं दिवस लोकांच्या गाड्यांनी जातीस?"

"हो."

"आन आपला वार आला तवा ऐनवक्ती न्हाय म्हणून सांगितलंस."

"तोड आली असं सांगितलं."

"तेच झालं की."

आई मध्ये पडली. "मग काय करायची ती? तोड सोडून तुमी जीप घिऊन जाणार हुता व्हय?"

"न्हाय. पर मला ठावं तरी पायजे का नको?" ते आईला म्हणाले, मला नाही. "लोक काय म्हणत्याल, जीप दारात हाय आन वार चुकवला."

दौंडला जाऊ नको, हे ते बोललेच नाहीत. मी त्याची वाट बघत होते. त्यांच्या कपाळावरची आठी वेगळ्याच गोष्टीची होती, आणि ती गोष्ट माझ्या नोकरीपेक्षा जुनी होती. मी रविवारचं सांगितलं. ते उठले, हात धुतला आणि म्हणाले, "म्याबी येतो."

गुरुवारी ऊस तुटला. ट्रॉल्या भरून गेल्या आणि शेत अचानक मोकळं, अनोळखी दिसायला लागलं. लांबचं देवळाचं शिखर, जे वर्षभर दिसत नाही, ते दिसू लागलं.

रविवारी आम्ही दोघे मंगलमावशींच्या बागेत गेलो. पेरूची झाडं बुटकी, एका रेषेत. फळं लिंबाएवढी झालेली. प्रत्येक फळावर आधी फोमची जाळी चढवायची, वर प्लास्टिकची पिशवी, आणि देठापाशी गाठ. मी हळूहळू एक ओळ संपवली. मंगलमावशी मागून बघत आल्या आणि थांबल्या.

"हितं दोन फळं हायत एका काडीला."

"दोन्हींना घातल्या आहेत पिशव्या."

"ते दिसतंय. एक काढायचं असतं. दोन्ही ठिवलीस तर दोन्ही बारीक ऱ्हात्यात." त्यांनी गाठ सोडली आणि एक फळ खुडून टाकलं. चांगलं, डाग नसलेलं फळ होतं. "ह्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पप्पांनीही पुढच्या ओळीत तेच केलं होतं. मावशींनी कमरेवर हात ठेवला. "पाव्हणं, तुमीबी? ऊसवाल्याला काय म्हायती म्हणा. लावला आन झोपला."

"झोपतोय कशाचा. पाण्याला रातचीच लाईट असती," पप्पा म्हणाले, पण फळं खुडायला लागले.

"तुमची पोरगी बोलत न्हाय ओ अजिबात."

"घरी तरी कुठं बोलती."

"पर वार चुकणार म्हणून आदल्या दिवशी सांगितलं तिनं. न्हायतर आमी थंडीचं दारात उभ्या."

झाडाच्या पलीकडून मला फक्त पप्पांचे हात दिसत होते. उसाच्या पानांनी कापलेले, पिशवीच्या पातळ प्लास्टिकमध्ये अडखळणारे.

ऊन वर आलं तेव्हा त्यांचा फोन वाजला. मामाचा होता, मला आवाजावरून कळलं. मामा फोनवर नेहमीच लांबच्या माणसाला हाक मारल्यासारखा बोलतो. पप्पांनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. मी एका फळावर जाळी चढवत होते, ती तशीच धरून उभी राहिले.

"बोला विलासराव... व्हय, आज सांगायचं हुतं, ध्येनात हाय... न्हाय न्हाय, शाळा चांगलीच हाय, त्यात काय वाद न्हाय. खोलीबी चांगली." ते थांबले. एक फळ खुडलं, खाली टाकलं. "पर आता कसं जमंल? पोरगी दौंडला जातीया. आन येत्या गुरुवारी माझी जीप लागतीय तिकडं... माझीच. मागचा वार राहिलाय आमचा, त्यापायी आज हितं बागेत पिशव्या घालतोय... आवो ती आजची माणसाची मेहनत झाली, गाडीचं गाडीनंच फेडाय लागतं... व्हय, रेल्वे चालू हुईस्तवर दर गुरुवारी... रस्ता? रस्त्यानं मीच चालवणार हाय की. ठिवू का, काम चालू हाय."

फोन खिशात गेला. मी हातातली जाळी फळावर चढवली आणि वर पिशवी घातली. मग पप्पांनी मंगलमावशींना विचारलं, "गुरुवारी गाडी कुठं लावायची?"

"मला काय इचारताय? तुमच्या पोरीला इचारा. तिला समदं ठावं हाय."

पप्पा माझ्याकडे वळले.

"स्टेशनच्या दारात," मी म्हणाले. "उजाडायच्या आधी. आणि दुधाचे कॅन काढावे लागतील, आम्ही बऱ्याच जणी आहोत."

"बरं," ते म्हणाले, आणि हातातल्या पिशवीला गाठ मारली.